एक्केचाळीस कंद

२७ ऑक्टोबर २००६

पोचलो एकदाचे. राळेगावहून तळेखेड्याला येणाऱ्या जीपमध्ये सतरा माणसं मोजली, टपावरची वेगळी. माझ्या बायकोच्या, म्हणजे कुंदाच्या मांडीवर माझं सूक्ष्मदर्शक आणि पायाशी कुणाची तरी शेळी. उतरल्यावर ती एवढंच म्हणाली, की एकतीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले नवरे बायकोला महाबळेश्वरला नेतात, डबक्याकाठी आणत नाहीत. मी म्हटलं, डबकं नाही, तळं आहे. ती हसली. म्हणजे रुसवा खरा नव्हता.

जागा झकास आहे. वामनरावांच्या शेतातल्या दोन खोल्या, वर कवेलूंचं छप्पर, पुढे ओसरी, मागे मोरी आणि तिथून पन्नास पावलांवर तळं. वामनराव आणि त्यांच्या पत्नी विमलताई गावात राहतात. विमलताईंनी आल्या आल्या वांग्याची भाजी आणि भाकरी आणून दिली. भाजी इतकी तिखट, की माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या आणि कुंदाने मिटक्या मारत दोनदा घेतली.

दिवाळी आटोपली, आता संक्रांतीपर्यंत मुक्काम इथेच. काम एकच. पाणकणीस या एका वनस्पतीवर एक छोटं पुस्तक. ती कुठे वाढते, कशी वाढते, माणसं तिचं काय काय करतात. यवतमाळात मित्रांना सांगितलं तर म्हणाले, नरहर, त्या गवतावर पुस्तक? करा म्हणावं थट्टा.

२९ ऑक्टोबर

दोन दिवस तळ्याकाठीच आहे. उत्तरेचा एक तृतीयांश भाग पाणकणसाने भरलाय. माझ्या डोक्यापेक्षा उंच पाती, मधून ताठ दांडे, दांड्यांवर तपकिरी कणसं, हात लावला तर मखमल. एकेका कणसात दोन-अडीच लाख बिया, प्रत्येकीला पांढऱ्या केसांचा झुबका. आता महिनाभरात ही कणसं फुटतील आणि म्हातारी उडावी तशी उडायला लागतील. आत जांभळ्या पाणकोंबड्यांचा नुसता गोंधळ चालू असतो.

गंमत अशी, की हे हजारो दांडे दिसतात वेगवेगळे, पण चिखलाखाली आडवी खोडं एकमेकांना जोडलेली असतात. सगळं मिळून बहुधा एकच झाड. या आडव्या खोडाला गाव कंद म्हणतं. शास्त्राने तो कंद नव्हे, पण मीही कंदच म्हणणार, उगाच मास्तरकी नको.

चिखलात हवा नसते. मग खाली बुडालेला कंद जगतो कसा? तर पात्यांच्या आत पोकळ नळ्या असतात, वरची हवा त्यांतून खाली उतरते. म्हणून पाणकणीस मारायचं असेल तर ते पाण्याच्या खाली कापावं. नळीत पाणी शिरतं, कंद गुदमरतो. वामनरावांना हे सांगितलं तर त्यांनी कान टवकारले. या तळ्याचं निम्मं पाणी हे गवत पिऊन टाकतं असं त्यांचं म्हणणं. कापसात काही राम उरला नाही, निदान हरभऱ्याला तरी पाणी पुरावं, एवढीच त्यांची इच्छा. त्यांनी पेपर बंद केलाय. रोज शेतकऱ्यांनी जीव दिल्याच्या त्याच बातम्या आणि त्यात ओळखीची गावं, म्हणाले.

२ नोव्हेंबर

आज पुस्तकाचं अर्धं पोट भरलं. धनीबाई भेटली.

तळ्यापलीकडच्या तांड्यावरची म्हातारी. सत्तरीची असेल, पण मांडीभर पाण्यात उभी राहून विळ्याने सपासप पाती कापते. चटया विणते. बाजारात प्लास्टिकच्या चटया आल्यापासून कोणी घेत नाही, तरी विणते. का, विचारलं तर म्हणाली हाताले सवय हाये.

तिच्याकडून जे मिळालं ते कुठल्या ग्रंथात नाही. चटईची पाती दांड्याला कणीस धरल्यावर कापायची, आधी कापली तर चटई उन्हात तडकते. जुनी पाती छपराला. पिळून वळली की खाटेला. कणसाचा कापूस उशीत, आणि विळा लागला तर जखमेवर दाबायला, रक्त लगेच थांबतं. पावसाळ्याच्या तोंडी कोवळ्या कोंबाचा पांढरा गाभा कच्चाच खायचा. मी पुस्तकात वाचलं होतं की काकडीसारखा लागतो, ती म्हणाली काकडीसारखा लागत नाही, कोंबासारखा लागतो. आणि हिवाळ्यात कंद. तो ठेचून पाण्यात कालवला की पीठ खाली बसतं. बहात्तरच्या दुष्काळात अख्खा तांडा त्या पिठावर जगला.

एक प्रथाही सांगितली, आणि सांगताना विळा खाली ठेवला. कंद काढला, की त्याचा कोंबाचा शेंडा मोडून घ्यायचा आणि पाण्याबाहेर पडायच्या आधी परत चिखलात रोवायचा. एक काढला, एक लावला. यात चुकायचं नाही. मी लिहून घेतलं, "पुनर्लागवडीची उत्तम लोकपरंपरा." धनीबाईला वाचता येत नाही हे बरं, नाहीतर माझ्या या भाषेला हसली असती.

एका कोपऱ्यात मात्र ती विळा घालत नाही. तिथलं पाणकणीस सगळ्यांत उंच आहे. कापून झालं की तिथे काठावर बसते आणि आपल्या बोलीत काहीतरी पुटपुटते. विचारलं तर पदर सारखा करून उठून गेली.

६ नोव्हेंबर

कंबर मोडली. सकाळपासून चिखलात होतो. फावडं, खुरपं, शेवटी दोन्ही हात. एक्केचाळीस कंद काढले, मनगटाएवढे जाड, आतून पांढरेशुभ्र.

शेंडे परत लावले नाहीत. लावायचे कशाला? हे गवत असं, की एक पेर राहिलं तरी वर्षात अंगणभर पसरतं. वामनरावांना ते कमीच करायचंय. आणि खरं सांगायचं तर कंबर वाकत नव्हती. एक्केचाळीस शेंडे मोडून गोठ्यामागच्या उकिरड्यावर टाकले.

संध्याकाळी धनीबाई ओसरीपाशी आली. कंदांनी भरलेली पाटी बघितली आणि सरळ विचारलं.

"मास्तर, लावले का परत?"

हो म्हटलं. सगळे? सगळे. तिने माझ्या हातांकडे पाहिलं, मान हलवली आणि गेली. म्हातारीचं मन राखलं, एवढ्याने काय होतं.

८ नोव्हेंबर

संकष्टी. कुंदा लग्नाच्या आधीपासून करते. आम्हाला मूल नाही झालं, तरी तिने कळंबच्या चिंतामणीवर राग धरला नाही, उपास सोडला नाही. मी मात्र उपास धरत नाही, मला ज्वारीची भाकरी पोटात गेल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही.

दोन दिवस खपून कंदांचं पीठ काढलं. सोलायचं, ठेचायचं, पाण्यात चोळायचं, धागे गाळून काढायचे, पाणी निथळू द्यायचं. खाली जो साका बसला तो धोतरावर वाळवला. दोन डबे भरले, शिंगाड्याच्या पिठाहून पांढरं. कुंदाचा प्रश्न एकच, उपासाला चालेल का? मी म्हटलं धान्य नाही, पाण्यातला कंद आहे. शिंगाडा चालतो, रताळं चालतं, मग हे का नाही? पटलं तिला. दुपारी थालीपीठ लावलं, दाण्याचं कूट, मिरची, जिरं घालून.

मी वही घेऊन समोर बसलो. चव किंचित गोड, पोत चिकट, वास ओल्या मातीचा. हे सगळं तिने सांगितलेलं. ती म्हणाली, बायको आहे की गिनिपिग? आणि तिसरं थालीपीठ घेतलं.

१४ नोव्हेंबर

कुंदाला पिठाने वेड लावलंय. उपास नसला तरी सकाळी लापशी, दुपारी थालीपीठ. म्हणते वर्षानुवर्षांची छातीतली जळजळ गेली, अंग हलकं झालं. चेहरा खरंच तुकतुकीत दिसतोय. साठीला आलेली बाई, गाणी काय म्हणते, दुपारी ओसरीवर उन्हाकडे तोंड करून काय बसते. मी टोमणा मारला तर म्हणाली, तुमचं एकतरी शास्त्र बायकोच्या उपयोगी पडलं म्हणायचं.

पाणी मात्र फार पिते. माठ दोनदा भरावा लागतो.

पुस्तकाची चाळीस पानं झाली. आता कणसं फुटायला लागली आहेत. तळ्यावरून पांढरा कापूस उडत येतो आणि शेतातल्या कापसात मिसळतो. वेचायला आलेल्या बाया वैतागल्या आहेत.

२० नोव्हेंबर

कुंदाशी वाजलं. ती मोरीत पाय सोडून बसते. सकाळी बसली की दुपारपर्यंत. पाणी वाहून जाऊ नये म्हणून भोकात चिंधी कोंबून ठेवते. मी ओरडलो, सर्दी होईल, या वयात ही काय नसती थेरं. ती माझ्याकडे बघत राहिली, ऐकू आलं नाही अशी. मग म्हणाली, गार बरं वाटतं हो, रागावू नका.

जेवण सुटलंय. पीठही नको म्हणते. फक्त पाणी.

विमलताई हळदीचं दूध घेऊन आल्या होत्या. वहिनीचे हात किती गार पडले, म्हणाल्या. जाताना आपले हात पदराला पुसत होत्या.

२४ नोव्हेंबर

खोकला. चार दिवस आहे. आज सकाळी खोकताना तिच्या रुमालात पांढरा पुंजका आला. मी हसलो आधी. हवेत इतका कापूस उडतोय, नाकातोंडात जाणारच. शेतातला असेल नाहीतर तळ्यावरचा.

तरी सवयीने काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. शेतातल्या कापसाचा तंतू चपटा आणि पीळ बसलेला असतो. हे केस सरळ होते, एका देठातून फुटलेले. म्हणजे पाणकणीसच. त्याला बी होतं. इथवर ठीक.

बी फुटलेलं होतं. मूळ बाहेर आलं होतं, कोंब आला होता, कोंबाला हिरवी छटा होती. पाणकणसाचं बी ओल्या चिखलात, उजेडात रुजतं. दोन-चार दिवस लागतात. छातीत उजेड कुठून येणार? मी काच तीनदा पुसली, तीनदा पाहिलं.

कुंदाला सांगितलं नाही.

२७ नोव्हेंबर

यवतमाळला नेलं, वामनरावांनी ओळखीची गाडी करून दिली. वाटेत कुंदाचे हाल झाले. ओठ तडकले, श्वास आत जाईना, बाटलीमागून बाटली पाणी पाजलं. छातीच्या डॉक्टरांनी फोटो काढला. दोन्ही फुप्फुसांत पांढऱ्या रेषा, खालून वर गेलेल्या, जवळजवळ समांतर. त्यांनी क्षयाची शंका घेतली, थुंकी तपासायला सांगितली, भरती करा म्हणाले. चांगला माणूस. मीच म्हटलं, डॉक्टर, या पोकळ नळ्या आहेत का? त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

भरती केलं. दोन तासांत तिची कातडी कागदासारखी कोरडी झाली. बोलता येईना, माझा शर्ट धरून नुसतं मागे, मागे असं ओठ हलवत होती. सही करून घेऊन आलो. गाडी तळ्याच्या बांधावर लागली तसा तिचा श्वास मोकळा झाला. दार उघडून आपल्या पायांनी उतरली आणि थेट मोरीत गेली.

२९ नोव्हेंबर

तिचे पाय पुसत होतो. तळव्यांना पांढरी टोकं आली आहेत. टाचेला तीन, चवड्याला पाच. कठीण, अणकुचीदार. मला ती चांगली ओळखीची आहेत. एकतीस वर्षं पोरांना फळ्यावर काढून दाखवली.

दुखतं का, विचारलं. नाही म्हणाली. खाली काही नाही म्हणून खाजतं, म्हणाली.

धावत तांड्यावर गेलो. धनीबाई दारात विणत होती. मी काही बोलायच्या आत तिने हातातली पाती खाली ठेवली. मी कबूल केलं. लावले नव्हते. खोटं बोललो. एकही लावला नव्हता.

ती ओरडली नाही, हेच वाईट. म्हणाली बहात्तर साली तळं आटलं होतं, चिखलच नव्हता. लोकांनी कंद काढले, शेंडे लावायला जागा नव्हती, तसेच खाल्ले. बाकीचे वाचले, कसे ते तिलाही ठाऊक नाही. तिची धाकटी बहीण जमनी नाही वाचली. मी विचारलं, शाप आहे का, कोणाचा कोप आहे का. तिने मान हलवली.

"देव नाई, भूत नाई, मास्तर. त्याले चिखल लागते. नाई भेटला त मंग ते जिथं हाये तिथंच चिखल करते."

मग उपाय काय, म्हटलं. ती म्हणाली जमनीला पावसाळा लागल्यावर तळ्यात ठेवली. कुठे, ते विचारावं लागलं नाही. तो कोपरा मी पाहिलाय.

१ डिसेंबर

उकिरडा उपसला. शेंडे सापडले, सगळे नाहीत, सव्वीस. वाळून कोळसा झालेले. बाकी शेळ्यांनी खाल्ले असतील. ते सव्वीस आणि तळ्यातून नवे पंधरा काढून असे एक्केचाळीस रोवले. छातीभर चिखलात उभा राहून एकेकाची माफी मागितली. मी. ज्याने आयुष्यभर नारळ फोडला नाही त्याने.

दुपारपर्यंत सगळे वर आले. काठाला लागून रांगेत तरंगत होते. वारा नव्हता.

धनीबाई बांधावरून पाहत होती. म्हणाली दुसऱ्याचं चालत नाही. जे नेलं तेच लागते. जे नेलं ते कुंदाच्या पोटात गेलं.

विमलताई आता येत नाहीत. डबा बांधावर ठेवून जातात. त्यांचा दोष नाही. खोलीच्या जमिनीला ओल आली आहे, शेणाने सारवलेली जमीन होती, आता पाय रुततो.

३ डिसेंबर

ते मारायचं कसं हे मला माहीत आहे. मीच लिहिलंय, याच वहीत. हवा तोडायची. नळ्यांत पाणी जाऊ द्यायचं, कंद गुदमरतो.

नळ्या म्हणजे तिचा श्वास. तिचाच. दुसरा नाही.

सकाळी मोरीत तिच्याजवळ बसलो होतो. बादली भरलेली. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती, केस गळून माझ्या शर्टावर, पांढरे, फुंकर मारली तर उडतील असे. मी बादलीकडे बघत होतो. किती वेळ ते सांगता येणार नाही.

नाही. नाही झालं माझ्याच्याने. छत्तीस वर्षांचा संसार आहे.

मी तिला वापरलं. चव कशी, पोत कसा. स्वतः एक घास तोंडात घातला नाही आणि तिच्यासमोर वही घेऊन बसलो. हे लिहून ठेवतो, म्हणजे कोणी वाचलं तर मला बिचारा म्हणणार नाही.

५ डिसेंबर

बोलणं कमी. पुटपुटते ते ओठ बंद ठेवून – छातीतून येतं, पात्यांत वारा शिरल्यावर येतो तसा आवाज.

तळव्यांची टोकं जमिनीत गेलीत. आज मोरीतून उचलायला गेलो तर – ओढलं तेव्हा ती किंचाळली. पहिल्यांदाच. रक्त नाही आलं. पांढरा चीक आला.

धनीबाई आली होती. खोलीत नको, म्हणाली. खोलीतली ओल पुरणार नाही तिला. उन्हाळा आला की सुकेल, आणि सुकताना दुखेल. जमनीला चार महिने दुखलं होतं.

चार महिने.

६ डिसेंबर

कुंदाने स्वतःच सांगितलं. नीट, स्पष्ट, माझं नाव घेऊन. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर आजच.

"नरहर, मला तळ्यात न्या. तुम्ही न्या. दुसऱ्या कोणी नको."

खुरप्याने मोरीची जमीन खणली, पायांभोवती मातीचा गोळा ठेवून. रोप काढतात तसं. मला येतं ते. हात थरथरले नाहीत, याचीच लाज वाटते.

धनीबाई आणि मी. भर दुपारी. कपाळाला कुंकू लावून दिलं. हलकी झाली होती, फार हलकी.

जमनीच्या शेजारी. कमरेपर्यंत चिखलात उतरवली तशी कुंदाने डोळे मिटले आणि एक मोठा श्वास घेतला. कित्येक दिवसांत पहिला पुरा श्वास. चेहरा – देवळातून आल्यावर असायचा तसा. मी ओरडून रडलो. धनीबाई काठावर बसून तिच्या बोलीत काहीतरी म्हणत होती.

मी मेलेला नाही, हे फार वाईट आहे.

७ डिसेंबर

सकाळपासून इथेच. वामनराव बांधावर आले, विचारलं वहिनी कुठे. माहेरी, म्हटलं. त्यांनी पाण्याकडे पाहिलं नाही. घरी जा यवतमाळला, म्हणाले. गेले.

घरी कोणाकडे?

कुंदा अजून बोलते. थोडं. मान फिरत नाही आता, पण डोळे माझ्याकडे. मी तिला सांगितलं, माफ कर. तू खाल्लंस आणि मी कोरडा राहिलो. हे मला जन्मभर – आता किती जन्म उरलाय – पुरेल.

तिला हसू आलं. खरंच हसली. मग म्हणाली –

"कोरडे कसले? तुमच्याही भाकरीत मूठमूठ घालत होते मी. चांगलं पीठ, वाया कशाला घालवायचं?"

रोज. तिला चुलीपाशी बसवत होतं तोवर. ज्वारीत मिसळून. तिने मला सांगितलं नाही कारण मी नखरे केले असते.

८ डिसेंबर

बूट काढले. टाचेला दोन. चवड्याला एक.

उशिरा आले. मी कमी खाल्लं म्हणून असेल. किंवा पुरुषांत हळू – नोंद करायला हवी. कोण वाचणार.

भीती वाटायला हवी. वाटते. पण आधी जे वाटलं ते हे, की एकटं परत जायचं नाही. देवा, मला हायसं वाटलं.

तहान.

पायाखाली काही नाही म्हणून खाजतं. ती म्हणाली होती ते खरं.

९ डिसेंबर

धनीबाई बांधावर. तिला ओरडून सांगितलं, इथे विळा नको. ती म्हणाली, म्या हाये तोवर नाई.

ती सत्तरीची आहे.

आणि वामनरावांना मीच सांगितलंय पाण्याच्या खाली कसं कापायचं. हरभऱ्याला पाणी – धनीबाईला म्हटलं त्यांना सांग, मी चुकीचं – ऐकलं का तिने. गेली. आवाज फुटत नाही माझा, छातीतच राहतो –

गुडघ्यापर्यंत उतरलोय. चिखल गार. खाजणं थांबलं.

कुंदाचा हात चिखलाखाली सापडला. बोटं अजून बोटंच. ती धरते. वही भिजते, ठेवा म्हणते, पण हे लिहायलाच हवं, कोणाला तरी – वामनराव, पाणकणीस कापू नका, उत्तरेच्या कोपऱ्यात तर मुळीच नका, आम्ही तिथे श्वास –